फिलूसाठी कोण मागणार?

पपांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. बायकांची जपमाळ तिसऱ्या रहस्यावर, म्हणजे निम्म्यावर आली होती, तेव्हा देवळाचा कारभार बघणारे बस्त्यावकाका मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. टोपी हातात, चपला बाहेर काढलेल्या. आई पाटावर बसली होती. कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप दिला होता, तो तसाच होता. वर साय धरली होती.

"कतरीनबाय," काका म्हणाले, "बोलायची वेळ नाही ही. पण इलाज नाही. चारला मयत निघणार. त्याआधी कबरीचं ठरायला हवं."

"त्यात काय ठरवायचं? आमची कबर आहे ना."

काका माझ्याकडे बघून थांबले. मी मोरीपाशी कपबशा विसळत होते. "एवलिन, जरा बाहेर बस गं पोरी."

"राहू दे तिला," आई म्हणाली. "आता घरात दोघीच आहोत आम्ही."

काकांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "कबर आहे तुमची. कोण नाही म्हणतं? पण ती आता नुसती तुमची राहिली नाही. लाहनू कुदळ घेऊन गेलाय तिथं, पण लोक त्याला हात लावू देत नाहीयेत. फिलूची कबर अशी कशी उघडायची?"

आमच्या गावात दफनभूमी लहान आहे. एका बाजूला देऊळ, म्हणजे आमचं चर्च, आम्ही त्याला देऊळच म्हणतो. दुसऱ्या बाजूला केळीच्या वाड्या. जागा वाढायला वाव नाही. म्हणून एका घराची माणसं एकाच कबरीत जातात. नवं मयत आलं की कबर उघडायची, आधीच्याची हाडं गोळा करून पांढऱ्या कापडात बांधायची आणि नव्या पेटीच्या पायाशी ठेवायची. बांधायचं काम घरातल्या बाईचं. आजोबांची हाडं आजीनं बांधली होती, आजीची आईनं. आमच्या कबरीत शेवटची गेली होती ती माझी मोठी बहीण फिलोमिना. फिलू. पपांच्या सात वर्षं आधी, एकोणीस वर्षांची असताना.

शेजारच्या पोलीनमावशीची लिझू तेव्हा चार वर्षांची होती. दुपारी वाडीतल्या विहिरीत पडली. फिलू तिथं मोगऱ्याच्या कळ्या काढत होती. तिला पोहता येत नव्हतं. तरी तिनं उडी टाकली, मोटरच्या पाइपाला एका हातानं धरून लिझूला खांद्यावर घेतलं आणि माणसं येईपर्यंत तशीच राहिली. लिझूला वर घेतलं. दोर पुन्हा खाली सोडेपर्यंत फिलूचा हात सुटला होता.

पहिली मेणबत्ती पोलीनमावशीनंच लावली. रोज संध्याकाळी, पाऊस असला तर छत्री धरून. मग बाकीच्या बायका यायला लागल्या. कुणाच्या मुलाची कावीळ उतरली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. कबरीवरची माती चिमटीनं पदरात बांधून नेऊ लागल्या. कोळीवाड्यातले लोक येऊ लागले, मग पलीकडच्या गावातले. एकाला कुवेतचा व्हिसा मिळाला तो फिलूमुळे. दुमिंगचा मुलगा दहावीला गणितात सुटला, तोही फिलूमुळे.

"तिला स्वतःला कधी गणितात पस्तीस पडले नाहीत," आई तेव्हा म्हणाली होती. मी हसले. आई हसली नव्हती.

मला त्या सगळ्याचा थोडा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. बाजारात अनोळखी बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून तो हात स्वतःच्या कपाळाला लावायची. पण घरात फिलूबद्दल बोलणं हळूहळू बंद झालं. ती माझी वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे, हे कुणापाशी बोलायचं? संताबद्दल असं बोलतात का? आज, इतक्या वर्षांनी, माझी स्वतःची लेक दोन वर्षांची आहे. दिवसभर तिच्यावर ओरडते, आणि ती झोपली की तिच्या पायाशी बसून राहते. आईकडून काय काढून घेतलं होतं ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

दरवर्षी फिलू गेली त्या दिवशी आई देवळात मिस्सा, म्हणजे तिच्या नावाची उपासना, सांगायला जायची. तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी. तिसऱ्या वर्षी बस्त्यावकाकांनीच तिला देवळाच्या दारात अडवलं. "कतरीनबाय, तिच्यासाठी कसली शांती मागतेस? ती स्वर्गात बसलीय. आपल्याला देतेय. आभाराची मिस्सा सांग." लोक आजूबाजूला होते. आईनं आभाराची मिस्सा सांगितली. त्यानंतर ती मिस्सा सांगायला गेलीच नाही. गावच दरवर्षी सांगायचं.

आता तेच काका स्वयंपाकघरात उभे होते. "इनासला आपण भिंतीकडच्या ओळीत ठेवू," ते म्हणाले. "आंब्याखाली, चांगली जागा आहे. मी फादरांशी बोलतो. फिलूची कबर मात्र तिच्या दिवशी उघडू. बिशपांना बोलावू. वाजतगाजत देवळात आणू तिला, वेदीच्या बाजूला ठेवू. पूर्वी असंच करायचे. फादरच म्हणाले होते."

"आणि माझा नवरा परक्यात?"

"परक्यात कसा? गावातच आहे की."

आईनं कप खाली ठेवला. "फादरांना बोलव."

फादर ऑस्कर आले ते घाम पुसतच. तरुण होते, आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. पडवीत बाकावर बसले आणि आधी पपांबद्दल बोलले. पपा देवळाच्या घंटेचा दोर दरवर्षी स्वतः बदलायचे, ते बोलले.

"फादर," आई म्हणाली, "तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"माझीच चूक आहे बाय." त्यांनी चष्मा काढला. "सर्व संतांच्या सणाला मी प्रवचनात जुन्या काळाचं सांगितलं. की तेव्हा रोमला विचारायची पद्धत नव्हती. चौकशी नाही, कागद नाहीत. एखादा माणूस धर्मासाठी मेला किंवा तसा जगला, की गावच त्याच्या कबरीपाशी जमायचं. दरवर्षी त्याच्या मरणाच्या दिवशी. तिथंच मिस्सा, तिथंच जेवण. मग कधीतरी बिशप यायचे, हाडं उचलून वेदीपाशी ठेवायचे. झाला संत. मी फक्त इतिहास सांगत होतो."

"मग आम्ही काय वेगळं करतोय?" बस्त्यावकाका खांबाला टेकून उभे होते. "लोक तर तसेच आहेत ना फादर? का तेव्हाच्या लोकांना कळायचं आणि आम्हाला कळत नाही?"

"काका, आता नियम आहेत. उघड पूजा करता येत नाही. आधी चौकशी लागते, बिशप लागतात, रोम लागतं, वर्षं लागतात..."

"लागू दे. आम्ही थांबतो. पण कबर नका उघडू."

आई इतका वेळ जमिनीकडे बघत होती. "फादर, एक सांगा. गाव जमायचं म्हणालात. गाव तर प्रत्येक मयताला जमतं. मग हा संत आणि हा साधा माणूस, हे कशावरून कळायचं त्यांना?"

फादर जरा विचार करून म्हणाले, "प्रार्थनेवरून. साधा माणूस मेला की लोक त्याच्यासाठी देवाकडे मागतात, त्याला शांती दे म्हणून. संतासाठी तसं मागत नाहीत. जुने लोक म्हणायचे की तो त्याचा अपमान होतो. त्याच्याकडे मागायचं, त्याच्यासाठी नाही. ज्या दिवशी गावानं एखाद्यासाठी मागायचं थांबवलं आणि त्याच्याकडे मागायला लागलं, त्या दिवशी तो संत झाला."

"असं," आई म्हणाली. मग उठली. "एवलिन, कपाटातून पांढरी चादर घे. कोरी, इस्त्रीची. चल."

"कतरीनबाय, मयत घरात आहे!" काका म्हणाले.

"त्याला कुठं जायचंय? येते म्हणावं."

बाहेरच्या खोलीतून जाताना तिनं पपांच्या कपाळाला हात लावला आणि खरंच म्हणाली, "येते." जपमाळ सांगत असलेली पोलीनमावशी मध्येच थांबली. आमच्या मागोमाग तीही उठली.

दफनभूमीत बरीच माणसं होती. कबरीभोवती मेणबत्त्या लावलेल्या, भर दुपारी, उन्हात वात दिसतही नव्हती. लाहनू बाजूला कुदळीवर हनुवटी टेकून उभा होता. आई आली तशी लोकांनी वाट दिली, पण कबरीपासून हलले नाहीत.

"लाहनू, उघड," आई म्हणाली.

लाहनूनं बस्त्यावकाकांकडे पाहिलं. काकांनी फादरांकडे. फादर म्हणाले, "कबर त्या घराची आहे. बाय सांगतात ते कर."

मग कुणी अडवलं नाही. मला वाटतं, बऱ्याच जणांना बघायचंही होतं. संतांची शरीरं तशीच राहतात, फुलांसारखा वास येतो, असं सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. कुदळीचे घाव खोल जायला लागले तशी माणसं पुढे सरकली. माझ्या मागची एक बाई जोरजोरानं श्वास ओढत होती.

वास आला तो ओल्या मातीचा. आणि हाडं होती. तपकिरी, बारीक, आजीची होती तशीच. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, हळूच.

आई कडेला बसली. मी तिच्या मांडीवर चादर पसरली. लाहनू एकेक वर देत होता आणि ती एकेक पुसून ठेवत होती, पदरानं, घाई न करता. कवटी हातात आली तेव्हा ती थांबली. अंगठ्यानं तिनं वरच्या पुढे आलेल्या दातावरची माती काढली.

"बघ," ती मला म्हणाली, "हा दात. किती ओरडले असेन मी. सात वर्षांची घोडी झाली तरी अंगठा तोंडात."

सगळं चादरीत आल्यावर तिनं चारी टोकं जवळ घेतली, पण गाठ मारली नाही. फादरांनी पुस्तक उघडलं. "तुम्ही नको फादर," आई म्हणाली. "मी म्हणते."

मग तिनं मोठ्यानं म्हटलं, "हे प्रभू, माझ्या फिलूला चिरविश्रांती दे."

याचं उत्तर आमच्यात लहान पोरालाही येतं. प्रत्येक मयताला, प्रत्येक कबरीपाशी म्हणतो आम्ही ते. आणि तिच्यावर अखंड प्रकाश राहो. झोपेतून उठवलं तरी तोंडात येईल. पण कुणी म्हटलं नाही. मी तोंड उघडलं.

"तू नको," आई म्हणाली. "तू घरची आहेस. मला गावाकडून पाहिजे."

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा कुणी बोललं नाही. केळीची पानं वाऱ्यानं वाजत होती तेवढंच.

"कतरीनबाय," बस्त्यावकाका अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असं मागणं म्हणजे तिचा अपमान गं. आत्ताच फादर म्हणाले ना. आम्ही म्हटलं तर सात वर्षांचं सगळं खोटं ठरतं."

"तुमचं खरं असेल रे बस्त्याव, मी खोटं म्हणत नाही." आईनं चादरीकडे पाहिलं. "पण माझी पोर त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडून गेली होती. जेवली नव्हती. मला म्हणाली, तू मर. मी म्हणाले, तूच आधी मर. असं बोलतात घरात, मनात असतं म्हणून बोलतात का? ती खोटं बोलायची. देवळातल्या पेटीतून एकदा आठ आणे काढले होते तिनं, लिमलेटच्या गोळ्यांसाठी. एकोणीस वर्षांची पोर. तिला कुणाच्या तरी प्रार्थनेची गरज लागली असेल की नाही? सगळं गाव तिच्याकडे मागतं. पोर दे, नोकरी दे, व्हिसा दे. माझ्या फिलूसाठी कोण मागणार? मी मागायला गेले तर मलाही बंद केलंत तुम्ही."

काकांनी मान खाली घातली. तेव्हा मागून आवाज आला, "नको कतरीनबाय. नको गं म्हणायला लावू."

पोलीनमावशी होती. माणसांतून पुढे आली, पदर खांद्यावरून निसटलेला. तिच्याकडे त्या वेळी कुणाला बघवलं नसतं.

"ती संत आहे म्हणून मला झोप लागते," ती म्हणाली. "देवाला हवी होती, देवानं नेली, असं म्हणते आणि डोळे मिटते. संत नसेल तर... देवानं नेली नसेल तर ती माझ्यामुळे गेली. मी वाडीत नव्हते त्या दिवशी. सांगितलं होतं सगळ्यांना की गवत कापत होते. मी रस्त्यावर गेले होते, रुमावांच्या घरची वरात बघायला. बँड होता. लिझू विहिरीपाशी खेळतेय हे मला माहीत होतं. म्हटलं, आत्ता येते."

लिझू भिंतीपाशी मैत्रिणींबरोबर उभी होती, अकरा वर्षांची, लांब पायांची. तिला कुणीतरी बाहेर नेलं.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू रस्त्याच्या बाजूनं धावत आलीस. गवत दुसऱ्या बाजूला होतं. मी पहिल्या दिवसापासून जाणते."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. "मग बोलली का नाहीस? शिव्या का नाही घातल्यास? सात वर्षं मी तुझ्या दारात येते, तू मला चहा देतेस."

"काय म्हणून बोलू? कुणी ती मेली असं म्हणतच नाही गं." आईचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मेणबत्त्या लावता, गाणी म्हणता, तिचा सण करता. तिचं तर भलंच झालंय. मग तुला माफ करायचं ते कशाबद्दल? माझी पोर गेली असं आधी म्हणा कुणीतरी. मग मी तुझ्याशी भांडेन, तुला मारेन, आणि मग माफ करेन. तुम्ही मला काहीच करू दिलं नाहीत. ना तिच्यासाठी, ना तुझ्यासाठी."

पोलीनमावशी तिथंच बसली, उकरलेल्या मातीत, आईच्या समोर. चादरीच्या एका टोकाला तिनं हात लावला आणि लगेच काढून घेतला, भाजल्यासारखा.

आईनं वाट पाहिली. मग तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी अगदी हळू, फक्त मावशीला ऐकू जाईल असं. "हे प्रभू, माझ्या फिलूला चिरविश्रांती दे."

मावशीचे ओठ हलले. आवाज फुटायला वेळ लागला. "आणि तिच्यावर," ती म्हणाली, "आणि तिच्यावर अखंड प्रकाश राहो."

तिच्यामागून एक म्हातारी बोलली. मग दुमिंग. मग आणखी दोघं-तिघं, अडखळत, एकमेकांकडे न बघता, आणि शेवटी नेहमीसारखा तो सगळ्यांचा मिळून एक आवाज झाला, मयताला असतो तसा. बस्त्यावकाका बोलले की नाही मला दिसलं नाही. ते पाठ फिरवून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी सात वर्षं त्या कबरीवर पांढरा चुना दिला होता. त्यांचंही काहीतरी त्या दुपारी गेलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईनं आणि मावशीनं मिळून गाठ मारली.

चारला पपांचं मयत निघालं. बँड, घंटा, सगळं रीतीप्रमाणे. देवळातली मिस्सा संपवून आम्ही पुन्हा तिथंच आलो. पेटी दोरांवरून खाली गेली. लाहनूनं खाली उतरून आईच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पपांच्या पायाशी ठेवलं. जागा अरुंद होती. गाठोडं पेटीला टेकून तिरकं राहिलं. त्यानं ते दोनदा नीट केलं आणि वर आला.

लोक मूठमूठ माती टाकायला पुढे झाले. आई कबरीच्या कडेला वाकली. मला वाटलं ती पपांना काही सांगणार. मी तिचा दंड धरला, पडू नये म्हणून. तिला तसं वाकलेलं बघून सगळे थांबले, म्हणून ती बोलली ते सर्वांना ऐकू आलं.

"फिलू, सरक गं जरा," ती म्हणाली, सकाळी उठवताना ओरडायची तशी. "पपांना पाय लांब करू दे."